खेळण्यातल्या स्टीम इंजिनाचा बॉयलर गळतोय? आधी फडकं, मग वॉशर, झाळण सगळ्यात शेवटी

खंडेनवमी झाली की माझ्याकडे बॉयलर यायला लागतात. कारखान्यातले नव्हेत, हाताच्या पंजात मावणारे, पितळेचे, खेळण्यातल्या स्टीम इंजिनांचे. उद्यमबागेत माझं दोन लेथचं शॉप आहे, पोटापाण्याचं काम वेगळंच. पण बेळगावात, खानापूरकडं, निपाणीकडं ज्यांच्या घरी असं इंजिन आहे त्यांना कुणीतरी माझं नाव सांगितलेलं असतं. वर्षभर कपाटात पडलेलं इंजिन बाकीच्या हत्यारांबरोबर पूजेला निघतं, त्याला हळदकुंकू लागतं, आणि दुसऱ्या दिवशी पोरं मागं लागतात, आता चालवून दाखवा. पाणी भरायचं, दिवा लावायचा, पाचव्या मिनिटाला खाली थेंब. दिवाळीत किल्ल्याशेजारी ते फिरायलाच पाहिजे, म्हणून घाई. "मामा, गळूलंय की ओ. जरा डाख मारून द्या."

डाख मारायची, म्हणजे झाळायची, वेळ फार थोड्यांवर येते. बहुतेकांचं काम एका वॉशरवर भागतं, आणि काहींचा बॉयलर तर गळतच नसतो. तरी हातात सोल्डर घेऊनच सुरुवात करणारे इतके भेटलेत, की हे सगळं एकदा क्रमानं लिहून ठेवतोय.

इंजिनं तीन-चार तऱ्हेची येतात. कुणाच्या काकांनी बोटीवर असताना आणलेलं इंग्लंडचं मामोड, कुणाचं जर्मनीचं विलेस्को, शाळेच्या प्रयोगशाळेत अंबाल्याहून आलेलं मॉडेल, आणि एखाद्या टर्नरनं हौसेनं स्वतः केलेलं. पहिल्या तिन्हींना हे लिखाण लागू आहे. चौथ्याबद्दल शेवटी बोलू.

लक्षणं आधी लिहून काढा

काही खोलण्याआधी कागद घ्या आणि काय दिसतंय ते लिहा. बॉयलर गोल असतो. वरच्या बुशपाशी (व्हॉल्व्ह आवळायचं आट्यांचं कडं) निसटलेलं पाणी पोटावरून घरंगळत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या जागी थेंब धरतं. थेंब दिसतो बुडाशी, भोक असतं माथ्यावर.

– दिवा लावल्या लावल्या बुडाला ओल येते, दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते.
– थंड असताना नुसतं पाणी भरून ठेवलं तरी गळतं.
– थंड असताना कोरडं, दाब चढला की ओलं.
– सेफ्टी व्हॉल्व्हपाशी सारखं बारीक सूं सूं, दाब म्हणून चढत नाही.
– ज्योत मधेच पिवळी होते आणि तडतडते.
– फ्लायव्हील फिरतं, पण लगेच दम टाकतं, आणि पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी भराभर उतरतं.
– बॉयलरच्या टोकाच्या झाकणाच्या सांध्यावर हिरवी किंवा पांढरी रेघ आहे.
– झाकण बाहेरून किंचित फुगल्यासारखं दिसतं.

यातलं पहिलं लक्षण असेल तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही. शेवटचं असेल तर पुढचं काही न करता थेट "कधी थांबायचं" तिथं जा.

खेळणं म्हणून हसू नका

असल्या बॉयलरमध्ये शंभर ते अडीचशे मिली पाणी मावतं आणि दाब साधारण १ ते १.५ किलो (दर चौरस सेंटिमीटरला). आपल्या घरचा कुकर १ किलोच्या आसपास शिट्टी देतो, म्हणजे ही दोघं भावंडं. दीड किलोला आतली वाफ १२७ अंशांची असते. ४५ मिमी व्यासाच्या झाकणावर तेवढ्या दाबाचा रेटा सुमारे २४ किलो, म्हणजे सिमेंटचं अर्धं पोतं त्या झाकणाला आतून ढकलत असतं. बऱ्याच खेळण्यांत त्याला धरून ठेवतो तो कथील-शिशाचा एक बारीक सांधा, जो १८३ अंशांपासून मऊ व्हायला लागतो.

हे दोन आकडे, १२७ आणि १८३, डोक्यात ठेवा. आत पाणी आहे तोवर पितळ पाण्याच्या तापमानाच्या जवळपासच राहतं आणि सांधा सुरक्षित असतो. पाणी संपलं की ज्योत थेट पितळ तापवते, आणि १८३ गाठायला मिनिटही लागत नाही. माझ्याकडे आलेल्या सांध्याच्या गळत्या बहुतेक अशाच सुरू झालेल्या. "कोरडा चालवला होता काय?" असं मी प्रत्येकाला विचारतो. आजवर एकानंही हो म्हटलेलं नाही. बुडावरचे निळे-तपकिरी डाग आणि सांध्याखाली लोंबणारा सोल्डरचा मणी मात्र सगळं सांगून टाकतात.

फडकं आणि कालचं वर्तमानपत्र

फुकटातली तपासणी. बॉयलर थंड असताना बाहेरून कोरड्या फडक्यानं लख्ख पुसा. पाऊण भरा, सगळी तोंडं नेहमीसारखी बंद करा आणि आदल्या दिवशीच्या तरुण भारतवर तासभर ठेवून द्या. वर्तमानपत्राचा कागद थेंबभर पाणीही लपवत नाही. अर्ध्या तासानं बॉयलर आडवा करा, मग उलटा, म्हणजे वरचे सांधेही भिजतील.

कागद कोरडा राहिला तर दिवा लावा आणि पहिली तीन मिनिटं नुसतं बघत बसा. दिव्यातलं स्पिरिट जळताना पाण्याची वाफ होते. ती वाफ थंड पितळेला लागली की दव धरतं, तेच टपकतं. चहाच्या गार पातेल्याच्या बुडाला गॅसवर ओल येते तसंच. पितळ तापलं की ही ओल आपोआप उडून जाते. पहिलं लक्षण हेच. एकदा निपाणीहून एक जण एवढ्यासाठी बसनं आले होते. त्यांना चहा पाजला आणि इंजिन तसंच परत दिलं.

स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. हे काम सावलीत करा, आणि दिवा विझला असं वाटलं तरी बाटली लगेच जवळ नेऊ नका.

वॉशर

यात खर्च दोन-पाच रुपयांचा. सेफ्टी व्हॉल्व्ह ज्या भोकात बसतो तिथूनच पाणी भरतात, म्हणजे हा सांधा दरवेळी उघडतो आणि दरवेळी आवळला जातो. त्याच्या खालचं फायबरचं वॉशर दबून दबून पत्र्यासारखं कडक होतं. वर्षभर कोरडं राहिलं तर चिरतं. म्हणून सूं सूं ऐकू आलं की आधी हे बदला.

नवीन वॉशर फायबरचं, टेफ्लॉनचं किंवा सिलिकॉनचं घ्या. सायकलच्या ट्यूबचं कापून लावू नका, वाफेत ते लिबलिबीत होतं आणि भोकात चिकटतं. कुकरच्या जुन्या गॅस्केटचा तुकडा निदान तपासणीपुरता चालतो, तो याच उष्णतेसाठी बनवलेला असतो. व्हॉल्व्ह हातानं बसेपर्यंत फिरवा, मग पान्यानं अगदी थोडा, घड्याळात पाच मिनिटं सरकावी एवढाच. जास्त आवळल्यानं गळती थांबत नाही, वॉशर मात्र बाहेर फुलून येतं.

प्लंबरची पांढरी टेप इथं लावू नका. तिची तूस सुटून व्हॉल्व्हच्या बसणीत अडकते. शिवाय इंग्लंडच्या जुन्या इंजिनांचे आटे इंची, जर्मन इंजिनांचे मिलिमीटरचे. एकाचा व्हॉल्व्ह दुसऱ्यात दोन आटे छान जातो, तिसऱ्याला अडतो, आणि माणूस जोर लावतो. तिथं बुशचे आटे गेले की पाच रुपयांचं काम लेथवर येतं.

सेफ्टी व्हॉल्व्ह स्वतः

वॉशर बदलूनही आवाज व्हॉल्व्हच्या मधल्या दांडीतून येत असेल तर आतली बसणी घाण झाली आहे. व्हॉल्व्ह काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा, साध्या पाण्यात खळखळून धुवा, दांडी बोटानं चार-पाच वेळा ओढून सोडा. ती स्वतःहून टचकन परत बसली पाहिजे.

इथं एक गोष्ट रागानंच सांगतो. कॉलेजात जाणारा एक मुलगा इंजिन घेऊन आला, तक्रार अशी की झाकणाचा सांधा अचानक गळायला लागलाय. व्हॉल्व्ह खोलला तर आत बॉलपेनची स्प्रिंग. मूळ स्प्रिंगवर व्हॉल्व्ह "लवकर गळतो" म्हणून यानं जाड स्प्रिंग बसवली होती. तो गळत नव्हता, दाब झाला की सोडत होता. त्याचं कामच ते. जास्तीचा दाब मग सांध्यातून निघाला, आणि सांधा निघण्याऐवजी नुसता गळला हे त्या पोराचं नशीब. स्प्रिंग ताणू नका, बदलू नका, वर वजन ठेवू नका. शंका असेल तर व्हॉल्व्हच नवा मागवा.

शिट्टी, पाइप, सिलिंडर

हे भरभर उरकू. शिट्टीच्या बुशखालीही वॉशर असतं, तेही बदला. स्टीम पाइपची ढिबरी सुटली असेल तर आवळा. आता सिलिंडर. स्वस्त इंजिनांत तो डुलता असतो, मागच्या स्प्रिंगनं एका सपाट पट्टीवर दाबून धरलेला. तिथून थोडी वाफ आणि तेलकट पाणी निघणारच. ती बॉयलरची गळती नव्हे. फारच फुसफुसत असेल तर पट्टी पुसून स्टीम ऑइलचा एक थेंब द्या आणि स्प्रिंग अर्धा फेरा आवळा. पूर्ण आवळली तर सिलिंडर डुलणार नाही.

काच

काचेच्या कडेनं ओल येत असेल तर गॅस्केट गेलं. स्क्रूवर बसणारी काच असेल तर दोन्ही स्क्रू आळीपाळीनं पाव-पाव फेरा आवळून बघा. एकच बाजू आवळली की काच तडकते. काचेवर केसाएवढी रेघ जरी दिसली तरी तो बॉयलर पेटवायचा नाही, काच बदलेपर्यंत. गरम बॉयलरमध्ये गार पाणी ओतल्यानं काच अशी जाते, आणि पाणी संपल्यावर घाईघाईनं ओतणारेही कमी नाहीत.

आतला खार

आमच्या गल्लीतल्या बोअरचं पाणी कुकरमध्ये आठ दिवसांत पांढरा थर धरतं. बॉयलरमध्येही धरतं, फक्त तिथं तो दिसत नाही. हलवल्यावर आत वाळूसारखं खुळखुळलं तर तोच.

चमचाभर लिंबूसत्व पाव लिटर कोमट पाण्यात विरघळवा, बॉयलरमध्ये भरा, तोंडं उघडी ठेवून अर्धा तास थांबा. बुडबुडे येतात, तोंडं बंद असली तर त्यांचा दाब साठतो. मग तीन-चार पाणी बदलून धुवा. रात्रभर तसंच ठेवू नका, पितळ खाल्लं जातं.

आणि हे वाचून मला शिव्या देऊ नका: साफ केल्यावर कधी कधी गळती सुरू होते. म्हणजे ती आधीपासूनच होती. खारानं सुईच्या टोकाएवढं भोक बुजवून धरलं होतं. लोक म्हणतात, राहू द्यायचा होता तो खार. पण खाराचं बूच दाबाला टिकेल याची हमी कोण देणार? भोक गारेगार असताना, टेबलावर सापडलेलं बरं.

धुतल्यावर आत बॅटरीच्या उजेडात बघा. सगळीकडे हलका गुलाबी रंग आला असेल आणि पुसल्यावर जात असेल तर तो आम्लाचा परिणाम, फार काळजी नाही. एखाद्याच ठिकाणी तांब्यासारखा लालसर, भुसभुशीत डाग असेल आणि सुईनं कुरतडला जात असेल तर तिथल्या पितळेतलं जस्त निघून गेलंय. उरलंय ते नुसत्या तांब्याचं जाळं, त्यात ताकद नाही. तो पत्रा सोल्डर धरेलही, दाब धरणार नाही.

पंक्चरवाल्याची परात

आता खरी शोधाशोध. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघतो, अगदी तेच करायचं. बॉयलर रिकामा करा. स्टीम पाइपच्या तोंडाला रबरी नळी घट्ट बसवा, बाकी सगळी तोंडं वॉशरसकट बंद करा. प्लास्टिकच्या टबात बॉयलर पूर्ण बुडवा आणि नळीतून तोंडानं फुंका. आधी पृष्ठभागाला चिकटलेले बुडबुडे बोटानं पुसून टाका, नाहीतर तेच गळती वाटतात. मग जिथून एकामागून एक माळ निघते ती जागा. सांध्याभोवती फिरवत सावकाश बघा. सापडली की लगेच मार्करनं खूण करा. पाण्यातून काढल्यावर ती जागा परत सापडत नाही, हे माझं खात्रीनं सांगणं आहे.

फुंकायचं ते तोंडानंच. सायकलचा पंप नको, आणि टायरवाल्याचा कॉम्प्रेसर तर मुळीच नको. हवा दाबली की स्प्रिंगसारखी ताकद साठवते. सांधा सुटला तर ती सगळी ताकद त्या झाकणाच्या पाठीमागं लागते. फुंकरीत तेवढा जीव नसतो, आणि भोक शोधायला ती पुरते.

पाण्यानं दाब तपासणं

फुंकरीला काही सापडलं नाही, पण दाब चढला की ओल येतेच, असं असेल तर पाण्याच्या दाबाची चाचणी. यासाठी हातपंप आणि ० ते ७ किलोचा गेज लागतो. पाइपलाइन तपासणारे प्लंबर तसला पंप ठेवतात. बॉयलर काठोकाठ भरा, आत हवेचा एक बुडबुडाही नको. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्याजागी प्लग लावा (चाचणी झाली की प्लग लगेच काढून खिशात टाका, विसरून बॉयलरवर राहिला तर तोच बॉम्ब). दाब हळूहळू रोजच्या दीडपट करा. दीड किलोचा बॉयलर असेल तर सव्वादोन किलो. दहा मिनिटं थांबा. काटा खाली येतो का, कुठं ओल दिसते का, आणि झाकणावर स्टीलची पट्टी उभी धरून ते फुगलंय का, तिन्ही बघा.

पाणी दाबलं जात नाही म्हणून त्यात ताकद साठत नाही. सांधा फुटला तरी एक थेंब निघतो आणि काटा शून्यावर. पाणीच का आणि वाफ का नको, याचं उत्तर एवढंच.

देशातला बॉयलरचा कायदा २५ लिटरच्या खालच्या भांड्यांना लागत नाही. आपलं भांडं पाव लिटरचं. म्हणजे इन्स्पेक्टर येणार नाही, ही चाचणी आपणच आपल्यासाठी करायची. मी दुरुस्त केलेला प्रत्येक बॉयलर पंपावर दहा मिनिटं काढल्याशिवाय परत देत नाही, मालक कितीही घाईत असो.

झाळण

इथवर येऊन सांधाच गळतोय हे नक्की झालं, तरच.

आधी ओळखा, सांधा कशाचा आहे. कोपऱ्यात चाकूच्या टोकानं ओरखडा. सहज ओढला गेला आणि राखाडी-पांढरट दिसला तर कथलाचा मऊ सोल्डर. चाकू घसरला आणि पिवळसर चांदीची झाक असेल तर चांदीचं झाळण. ते साडेसहाशे अंशांच्या आसपास वितळतं आणि घरच्या हत्यारांनी होत नाही. ते मऊ सोल्डरनं बुजवायचा विचारही करू नका, सोनारकामाचं ज्ञान असलेल्याकडेच द्या.

उलटी चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका मामोडला "कायमचं पक्कं करू" म्हणून जुन्या कथलाच्या सांध्यावरच चांदीचं झाळण चढवलं. शिसं त्या उष्णतेला पितळेत शिरतं आणि पितळ खातं. डोळ्यांदेखत झाकणाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलं. ते झाकण नवीन वळून द्यावं लागलं, पैसे कुठले मागतो. जुनं कथील कणभरही उरलं असेल तर चांदी लावायची नाही.

मऊ सोल्डरचं काम असं. सगळे व्हॉल्व्ह, शिट्टी, काच काढून ठेवा. एक तरी तोंड उघडं राहिलंच पाहिजे. बंद भांड्याला बाहेरून ज्योत लावायची नाही, आत उरलेल्या चमचाभर पाण्याचीही वाफ होते. सांधा पॉलिश पेपरनं पितळ चमकेपर्यंत घासा. हिरवं राहिलं तिथं सोल्डर धरत नाही. दुसऱ्या टोकाच्या झाकणाला ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर एक जोडताना दुसरं सुटतं. फ्लक्स लावा. कल्हईवाले नवसागर वापरतात, दुकानात झिंक क्लोराइडचं तयार मिळतं. छोट्या गॅस टॉर्चनं सांध्याच्या बाजूचं पितळ तापवा, सोल्डरवर ज्योत मारू नका. पितळच सोल्डर वितळवील एवढं तापलं की तार टेकवा. बरोबर तापलं असेल तर ते चमकत सांध्यात ओढलं जातं, एका जागी ठेवलेली तार उलट बाजूला डोकावते. तो क्षण एकदा बघितला की कळतं, बाहेरून थापलेल्या गोळ्याचा काही उपयोग नाही. ताकद सगळी आतल्या फटीतल्या पातळ थरात असते.

जमलं तर शिसं नसलेली कथील-चांदीची तार घ्या. ती २२१ अंशांना वितळते, म्हणजे १८३ पेक्षा जास्त सवड मिळते, आणि पोरांच्या हाताला शिसं लागत नाही. गार झाल्यावर कोमट पाणी आणि खायच्या सोड्यानं फ्लक्स पूर्ण धुवा. राहिला तर पुढच्या दसऱ्याला तिथंच हिरवी रेघ दिसेल.

एम-सील किंवा मळून लावायची कुठलीही पुट्टी बॉयलरवर नको. उष्णतेनं ती मऊ पडते, आणि मग खरवडून काढताना माझा निम्मा दिवस जातो. एका गुरुजींनी शाळेच्या मॉडेलला आतून-बाहेरून थापली होती. खाली सांधा ठीक होता. गळत होतं ते वॉशर.

कधी थांबायचं

यातलं एकही दिसलं तर हात काढा:

पत्र्याला चीर. पितळेची चीर सोल्डरनं बुजत नाही, ती आत पुढं सरकत राहते. इंग्रजांच्या काळात इथल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवायचे आणि नंतर बघावं तर तडकलेली. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि पितळ दाबून आकार देताना आत राहिलेला ताण, या दोघांनी मिळून ते होतं, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. त्याला सीझन क्रॅकिंग म्हणतात. आपल्याकडचा पाऊस तोच आहे. म्हणून अमोनियाच्या वासाचं पॉलिश बॉयलरला लावू नका आणि तो गोठ्याच्या भिंतीलगतच्या कपाटात ठेवू नका. घासायचंच तर चिंच, आणि लगेच धुऊन पुसायचं.

झाकण फुगलेलं. लालसर भुसभुशीत डाग. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी बुडबुडे. चांदीच्या झाळणाचा सांधा. एकदा झाळून परत तिथंच गळलेला सांधा. आणि सेफ्टी व्हॉल्व्हच नसलेला कुठलाही घरी केलेला बॉयलर, मग तो कितीही सुबक असो. त्याला मी हात लावायच्या आधी व्हॉल्व्हसाठी बुश बसवायला सांगतो. टिनच्या डब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर तो शोभेला ठेवा.

नेऊ कुणाकडं? एसी-फ्रीजच्या तांब्याच्या नळ्या झाळणारा चांगला मेकॅनिक किंवा शहापूरच्या सराफ गल्लीतला चांदीकाम करणारा कारागीर, दोघांनाही हे जमतं. त्यांना दोन गोष्टी आधी सांगा: हे पितळ आहे, आणि आधी इथं कथील लागलेलं आहे किंवा नाही. पितळ नऊशेच्या पुढं वितळतं, चांदीचं झाळण साडेसहाशेला. मधलं अंतर ऐकायला मोठं, पण पातळ पत्र्यावर ज्योत एका जागी दोन सेकंद जास्त राहिली की संपलं. परत आल्यावर पाण्याची चाचणी तुम्हीच करायची, ते करत नाहीत. चीर किंवा फुगवटा असेल तर दुरुस्तीच्या नादाला न लागता नवीन बॉयलर मागवा.

परत पेटवताना

पहिल्यांदा पाऊणच भरा. पाणी गाळून साठवलेलं पावसाचं किंवा पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड, थोडं साधं मिसळून. दिव्यात स्पिरिट पाण्यापेक्षा आधी संपेल एवढंच घाला. दिव्याचं माप बॉयलरला बेतूनच दिलेलं असतं, मधे परत भरायचं नाही. दाब आला की पक्कडीनं व्हॉल्व्हची दांडी एकदा उचलून बघा, सुटकन वाफ गेली पाहिजे. पोरांना एक हात लांब बसवा आणि झाकणांच्या रोखानं कुणी नको. सुटलंच काही तर तिकडंच जातं.

काचेत पाणी खालच्या कडेला आलं की दिवा विझवा, फ्लायव्हील फिरत असलं तरी. बॉयलर कोमट असतानाच व्हॉल्व्ह काढून पाणी ओतून टाका, उरलेल्या उष्णतेनं आतून सुकू द्या. वॉशर सैल ठेवून कपाटात घाला. वर्षभर आवळून ठेवलेलं वॉशर, आणि आत राहिलेलं गेल्या दसऱ्याचं पाणी, या दोन गोष्टींवर माझं ऑक्टोबरचं निम्मं गिऱ्हाईक चालतं.